उष्टावण व शिशूचा पूरक आहार

उष्टावण व शिशूचा पूरक आहार : केवळ आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाला प्रथमच घन वा अर्धघन अन्न देण्याच्या विधीस संस्कृतात अन्नप्राशन व मराठीत उष्टावण म्हणतात. ‘उष्टे’ या शब्दावरून हे नाव आले आहे. बालवैद्यकात याच टप्प्याला पूरक आहाराचा प्रारंभ म्हणतात. हे अन्न आईच्या दुधाची जागा घेत नाही, त्याची उणीव भरून काढते, म्हणून ते ‘पूरक’ होय. विधी एका दिवसाचा असतो, तर पूरक आहार सहा महिने पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे सु. अठरा महिने चालणारी क्रिया असते. मुलाची वाढ खुंटणे, रक्तक्षय व वारंवार होणारे अतिसार यांचा प्रादुर्भाव मुख्यतः याच अठरा महिन्यांत होतो. अन्न केव्हा सुरू करावे, हे भारतीय परंपरेने फार पूर्वी ठरविले होते. ते किती दाट, किती वेळा व किती स्वच्छ द्यावे, या प्रश्नांची मोजून दिलेली उत्तरे मात्र विसाव्या शतकातील आहेत. या दोहोंमधील अंतराचा इतिहास हाच या विषयाचा गाभा होय.

गृह्यसूत्रे व स्मृती : अन्नप्राशनाचे विधान गृह्यसूत्रांत आढळते. आश्वलायन गृह्यसूत्रात हा संस्कार सहाव्या महिन्यात सांगितला असून दही, मध व तूप यांनी मिश्रित अन्न मुलाला चाटवावे, असे म्हटले आहे. इच्छित फलानुसार बोकडाचे वा तित्तिर पक्ष्याचे मांस देण्याचा पर्यायही तेथे येतो. मनुस्मृती व याज्ञवल्क्यस्मृती यांतही सहावा महिनाच सांगितला आहे. उत्तरकालीन ज्योतिषग्रंथांच्या प्रभावाने मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करण्याची चाल रूढ झाली. महाराष्ट्रात बहुधा मामाच्या मांडीवर मुलाला बसवून खिरीचे बोट चाटवितात. काही घरांत त्याच वेळी मुलापुढे पुस्तक, शस्त्र, नाणे इ. वस्तू मांडून त्याच्या भावी उपजीविकेचा अंदाज घेण्याचीही पद्धत आहे.

वैद्यक ग्रंथ : आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी विधीपेक्षा पचनाकडे अधिक लक्ष दिलेले दिसते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सहाव्या महिन्यात मुलाला हलके व हितकर अन्न देण्यास सांगितले आहे. कौमारभृत्याचा प्रमुख ग्रंथ मानल्या गेलेल्या काश्यपसंहितेत दोन पायऱ्या कल्पिल्या आहेत : सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्या महिन्यात अन्नप्राशन. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात येऊ लागल्यावर मुलाचे स्तनपान हळूहळू सोडवावे असे सुचविले असून, स्तन्य सुटलेल्या मुलासाठी चारोळीचा गर, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या व खडीसाखर यांचे लाडू सांगितले आहेत. स्निग्ध, धान्यजन्य व गोड घटक एकत्र करून थोड्या आकारमानात अधिक पोषण देण्याची कल्पना त्यांत स्पष्ट दिसते.

कारंजा लाड येथील दोन परंपरा : वाशिम जिल्ह्यातील (१ जुलै १९९८ पूर्वी अकोला जिल्हा) कारंजा लाड हे वऱ्हाडातील जुने व्यापारी गाव. ते दत्तसंप्रदायाचे तीर्थक्षेत्र असून दिगंबर जैनांचेही महत्त्वाचे केंद्र आहे. दोन्ही परंपरांतील वाङ्‌मयात शिशूच्या आहाराविषयी उल्लेखनीय सामग्री मिळत असल्याने या गावाचे उदाहरण अभ्यासास सोयीचे ठरते.

कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचा जन्म परंपरेने सु. १३७८ मध्ये झाला असे समजतात. सरस्वती गंगाधर याने रचलेल्या गुरुचरित्राच्या अकराव्या अध्यायात त्यांच्या बालपणाची हकीकत आहे. तान्ह्या बाळाला आईचे दूध पुरत नाही, म्हणून दूध पाजणारी एखादी स्त्री पाहावी किंवा दुभते जनावर आणावे, असा विचार आईवडील करतात. तो ऐकून बाळ आईच्या स्तनाला हात लावते आणि दुधाच्या बत्तीस धारा वाहू लागतात, अशी ती कथा आहे. चमत्काराचा भाग श्रद्धेचा असला, तरी कथेतील घरगुती अडचण खरी आहे. तान्ह्या मुलाला दूध कमी पडल्यास त्या काळच्या गृहस्थापुढे दोनच पर्याय येतात : दाई किंवा जनावराचे दूध. कथेत कोणी धान्य सुचवीत नाही. फार कोवळ्या वयात अन्न सोसत नाही, ही जाण समाजात खोलवर रुजलेली होती, असे यावरून अनुमान करता येते. बाळाचा स्पर्श व त्यामागून वाहणारे दूध यांचा कथेतील संबंधही लक्षणीय आहे. मूल जितके अधिक वेळा व नीट ओढते तितके दूध अधिक तयार होते, हे शरीरक्रियाविज्ञानानेही मान्य केले आहे.

कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची जैन मंदिरे असून तेथील हस्तलिखित भांडारे प्रसिद्ध आहेत. त्यांतील अपभ्रंश ग्रंथ कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रकाशात आले. त्या कार्यात हीरालाल जैन यांचा मोठा वाटा होता. दिगंबर जैनांचे संस्कार मुख्यत्वे जिनसेनाच्या आदिपुराणावर (नववे शतक) आधारलेले आहेत. या ग्रंथात गर्भापासून निर्वाणापर्यंतच्या त्रेपन्न गर्भान्वय क्रिया वर्णिल्या असून त्यांत अन्नप्राशनाचाही समावेश आहे. त्याचा काळ जन्मानंतर सात-आठ महिन्यांचा सांगितला असून ते अर्हंतांच्या पूजेनंतर करावयाचे असते. वैदिक परंपरेशी असलेला आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. मद्य, मांस व मधु यांचा त्याग हा जैन श्रावकाच्या मूलगुणांत गणला जात असल्याने जैन घरातील उष्टावणात मधाला स्थान नाही. या नियमामागे अहिंसेची दृष्टी होती. त्याचा आरोग्याशी असलेला संबंध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघड झाला.

मध, बाळगुटी व अफू : लहान मुलांना होणारा बॉट्युलिझम हा स्वतंत्र विकार १९७६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ओळखला गेला. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूची बीजाणुके मधात असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती सहसा वाढत नाहीत. एक वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात मात्र त्यांची वाढ होऊन विष तयार होते आणि स्नायू लुळे पडतात. मूल ओढेनासे होते, त्याचे रडणे क्षीण होते, मलावरोध होतो व प्रसंगी श्वास बंद पडतो. साध्या उकळण्याने ही बीजाणुके नष्ट होत नाहीत. हा विकार विरळा असला तरी घातक ठरू शकतो. म्हणून एक वर्षापर्यंत मध मुळीच देऊ नये, असे आता सर्वत्र सांगितले जाते. जातकर्मातील मध-तुपाचे चाटण व उष्टावणातील मध यांना हा नियम सारखाच लागू आहे. मध वगळल्याने संस्काराला बाध येत नाही, हे जैन उदाहरणावरून दिसते.

महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी दुसरी चाल म्हणजे बाळगुटी. वेखंड, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा, मुरडशेंग, खारीक, बदाम इत्यादी जिन्नस सहाणेवर उगाळून त्यांचे चाटण मुलाला पहिल्या महिन्यांपासून देण्यात येते. गुटीकडे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या अनुभवाचा ठेवा म्हणून पाहिले जाते व त्यामागील मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, आवश्यक नसते. सहाण, हात किंवा पाणी अस्वच्छ असल्यास अतिसाराचे जंतू याच मार्गाने पोटात जातात. जायफळासारखे गुंगी आणणारे द्रव्य जास्त झाल्यास अपायही संभवतो.

याहून गंभीर चाल अफूची होती. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी पश्चिम व मध्य भारतात कामावर जाणाऱ्या आया मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची लहानशी गोळी देत. मुंबईत ती ‘बाळागोळी’ या नावाने ओळखली जाई व गिरणी कामगार स्त्रियांच्या मुलांत तिचा वापर फार मोठ्या प्रमाणावर असल्याचे १९२० नंतरच्या पाहण्यांत नोंदले गेले. अफूने भूक मरते. मूल मागत नाही, म्हणून त्याला पाजलेही जात नाही आणि ते शांतपणे सुकत जाते. या चालीचे मूळ अज्ञानापेक्षा आईच्या कामाच्या तासांत अधिक होते.

कापूस, मजुरी व मुलाचे जेवण : वऱ्हाडात या प्रश्नाला कापसाच्या शेतीची जोड मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या मूर्तिजापूर–यवतमाळ अरुंदमापी रेल्वेने कारंजा हे कापसाच्या बाजारपेठांशी जोडले गेले. नगदी पिकाने व्यापार वाढला, परंतु कापसाची निंदणी व वेचणी ही प्रामुख्याने स्त्रियांची कामे असल्याने हंगामात आई दिवसभर शेतात राहू लागली. आठ-दहा महिन्यांचे मूल आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हाती राही. मोठ्यांच्या दोन जेवणांच्या वेळीच त्याला भाकरीचा तुकडा, वरणावरचे पाणी किंवा पातळ कण्या मिळत. ज्वारी, तूर, मूग, हरभरा व भुईमूग पिकविणाऱ्या या प्रदेशात पूरक आहाराचे सर्व जिन्नस घरात असू शकतात. उणीव राहते ती मुलासाठी वेगळा वेळ काढून त्याला अनेकदा भरविणाऱ्या हाताची. १८९९–१९०० च्या दुष्काळासारख्या प्रसंगी, जो वऱ्हाडात अत्यंत तीव्र होता, धान्यच नाहीसे झाले. परंतु सुकाळातही मुले सुकत राहिली, याचे उत्तर या घरगुती वेळापत्रकात शोधावे लागते.

आधुनिक विज्ञानाची वाटचाल : यूरोपात १८६० नंतरच्या दशकात युस्टुस फोन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शिशूंसाठी कृत्रिम अन्न तयार केले. त्यापाठोपाठ १८६७ मध्ये हेन्री नेस्ले यांचे दूध व पीठ यांचे मिश्रण बाजारात आले. डबाबंद अन्नाचा प्रसार झाल्यावर पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्यास पहिल्या काही आठवड्यांतच घन अन्न देण्याची प्रथा पडली. उष्ण व गरीब देशांत दूषित पाण्यात कालविलेल्या या भुकटीचे परिणाम भयंकर झाले. सिसिली विल्यम्स या स्त्री वैद्यकतज्ञांनी १९३३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील मुलांत सुजवटी (क्वाशिओरकोर) या विकाराचे वर्णन केले व १९३९ मध्ये सिंगापूर येथील भाषणात कृत्रिम दुधाच्या जाहिरातबाजीवर कठोर टीका केली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्तन्यपर्यायी पदार्थांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारतात १९९२ मध्ये यासंबंधी कायदा झाला. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा अन्नपदार्थांची जाहिरात निषिद्ध ठरली.

पूरक आहाराच्या वयाविषयी तज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. पूर्वी चार ते सहा महिने हा काळ सांगितला जाई. २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सहा महिने निव्वळ स्तनपान व त्यानंतर पूरक आहार अशी शिफारस केली. सहावा महिना सरताना मुलाच्या यकृतातील जन्मजात लोहसाठा संपत येतो, आईच्या दुधातील ऊर्जा वाढीला अपुरी पडू लागते, मान सावरते, मूल आधाराने बसते व जिभेने अन्न बाहेर ढकलण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. प्राचीन ग्रंथांतील सहाव्या महिन्याच्या नियमाला शरीरक्रियेचा हा आधार आहे. मात्र मुहूर्तासाठी उष्टावण आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत लांबविणे किंवा मुलीचे पाचव्यातच उरकणे, या दोन्ही गोष्टी त्याला धरून नाहीत.

दाटपणा व प्रमाण : आईचे दूध पुरेसे मिळत असता ६ ते ८ महिन्यांच्या मुलास पूरक अन्नातून रोज सु. २००, ९ ते ११ महिन्यांच्या मुलास सु. ३०० आणि १२ ते २३ महिन्यांच्या मुलास सु. ५५० किलोकॅलरी लागतात. मुलाच्या जठराची धारणशक्ती वजनाच्या दर किग्रॅ.मागे सु. ३० ग्रॅ. असते. सात किग्रॅ. वजनाचे मूल एका वेळी सु. २०० ग्रॅ. पेक्षा अधिक घेऊ शकत नाही. ज्या पातळ पेजेच्या एका ग्रॅममध्ये ०·३ किलोकॅलरी असते, तिच्यातून २०० किलोकॅलरी मिळविण्यास साडेसहाशे ग्रॅ.हून अधिक पेज पाजावी लागेल. प्रतिग्रॅम ०·८ किलोकॅलरी असलेल्या दाट अन्नाचे २५० ग्रॅ. पुरतात व ते दोन-तीन वेळांत सहज खाल्ले जाते. म्हणून डाळीच्या पाण्याऐवजी घोटलेली डाळ, पेजेऐवजी चमच्यावरून न ओघळणारा मऊ भात किंवा कण्या आणि त्यांत चमचाभर तेल वा तूप, असा बदल सुचविला जातो.

दाटपणा वाढविला की अन्न चिकट होते व मूल गिळत नाही, ही जुनी अडचण होय. धान्याला मोड आणल्याने यावर मात करता येते. मोड येताना अमिलेज हे एंझाइम वाढते आणि ते पिठूळ द्रव्याचे विघटन करून शिजलेले अन्न सैल करते. बडोदा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर संशोधन केले. मोड आणलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घातल्याने दाट लापशी पातळ होते, तिची ऊर्जा मात्र कमी होत नाही, असे त्यांनी दाखविले. नाचणीला मोड आणून तिचे सत्त्व करण्याच्या महाराष्ट्रातील पद्धतीमागील तत्त्व हेच होय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचे ‘हैदराबाद मिश्रण’ही स्वस्त घरगुती जिन्नसांचे आहे. त्यात भाजलेला गहू ४० ग्रॅ., हरभरा १६ ग्रॅ., शेंगदाणे १० ग्रॅ. व गूळ २० ग्रॅ. असून त्यातून सु. ३३० किलोकॅलरी व ११ ग्रॅ. प्रथिने मिळतात. ते मुख्यतः कुपोषित मुलांसाठी योजिलेले आहे. त्यातील धान्य व डाळ यांच्या जोडीचे तत्त्व मात्र सर्व मुलांना लागू पडते.

सुरक्षितता : पहिले अन्न एक-दोन चमचे, मऊ व नुकतेच शिजविलेले असावे. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा, म्हणजे तो न सोसल्यास ओळखता येतो. अंडे, शेंगदाणे अशा पदार्थांची अधिहर्षता (ॲलर्जी) होऊ नये म्हणून ते उशिरा द्यावेत, असे पूर्वी सांगत. २०१५ मध्ये इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीने हे मत बदलले. अशा विकाराचा धोका असलेल्या मुलांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा खाऊ घातल्याने त्याची अधिहर्षता पुष्कळ कमी आढळली. मात्र शेंगदाणा बारीक कूट करून शिजविलेल्या अन्नात घातलेला असावा. तीव्र इसब किंवा अंड्याची अधिहर्षता असलेल्या मुलाच्या बाबतीत आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, द्राक्षे यांसारखे पदार्थ श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. एक वर्षाच्या आत मीठ व साखर यांची आवश्यकता नसते. बाटलीपेक्षा वाटी-चमचा धुण्यास सोपा म्हणून अधिक निर्धोक होय. भरविणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले असावेत व सकाळचे अन्न संध्याकाळपर्यंत ठेवू नये. आजारपणात अन्न तोडण्याची चाल विशेष घातक आहे. अतिसारातही स्तनपान व मऊ अन्न चालू ठेवावे आणि बरे झाल्यावर काही दिवस एक वेळ अधिक भरवावे. मुलाला बळेच कोंबू नये. त्याच्याशी बोलत, त्याची भूक ओळखत भरवावे.

सार्वजनिक प्रयत्न : महाराष्ट्रात १९७० मध्ये रजनीकांत व मेबल आरोळे यांनी जामखेड (अहमदनगर, सध्या अहिल्यानगर जिल्हा) येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले व मुलांच्या आहाराची जबाबदारी गावाने उचलली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजनेस प्रारंभ झाला. अंगणवाडी ही संस्था तीतून उभी राहिली. वऱ्हाडालगतच्या मेळघाटात १९९३ मध्ये झालेल्या बालमृत्यूंनी राज्याचे लक्ष वेधले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलास रोज ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅ. प्रथिने देणारा घरपोच शिधा हा हक्क ठरविला.

या प्रयत्नांचे यश संमिश्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मधील ४६·३ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ३४·४ टक्क्यांवर आले, पण २०१९–२१ मध्ये ते ३५·२ टक्के होते. त्याच शेवटच्या पाहणीत देशातील ६ ते ८ महिन्यांच्या मुलांपैकी ४५·९ टक्क्यांनाच आईच्या दुधाबरोबर घन वा अर्धघन अन्न मिळत होते आणि ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार केवळ ११·३ टक्क्यांना मिळत होता. म्हणजे सहाव्या महिन्याचा प्राचीन नियमही निम्म्याहून अधिक घरांत पाळला जात नव्हता आणि पाळला तरी पुढील अठरा महिने अपुरेच राहत होते.

८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाडीतून ‘अन्नप्राशन दिवस’ साजरा करण्याचा उपक्रम आखण्यात आला. सहा महिने पूर्ण झालेल्या मुलाला सर्वांसमक्ष पहिला घास भरविला जातो व त्याच वेळी आईला अन्नाचा दाटपणा, प्रमाण व स्वच्छता समजावून दिली जाते. जुन्या संस्काराचे नाव व नव्या विज्ञानाचा आशय यांचा हा मेळ आहे. पहिल्या घासाचा दिवस समाजाच्या स्मरणात कायमच राहिला आहे. दुसऱ्या दिवसापासून रोज चार वेळा मुलाला निवांत भरविण्याइतका वेळ शेतात राबणाऱ्या आईला मिळावा, ही व्यवस्था मात्र अद्याप पुरी व्हावयाची आहे.